घर ऐकू येईना

हॅलोसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हतं. इस्पितळाच्या टेलिफोन एक्सचेंजवर उभी हयात गेली, दिवसभर तोंडात तोच शब्द, म्हणून आधी तिथले लोक आणि मग आमची अख्खी गल्ली त्यांना तसंच म्हणायला लागली. त्यांनाही ते आवडायचं. "आंधळोबा म्हणण्यापेक्षा बरं," असं म्हणून स्वतःच मोठ्यांदा हसायचे, आणि समोरचा बिचारा हसावं की नाही या पेचात पडायचा.

कॉलेजात असताना आलेल्या एका तापात त्यांचे डोळे गेले. त्यानंतर नोकरी, लग्न, मुलगी, सगळं रीतसर झालं. गल्लीच्या टोकाला तळमजल्यावरचं घर घेतलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मधे एक अरुंद पॅसेज. त्या घरात त्यांना फिरताना पाहिलं तर नवख्या माणसाला कळायचंही नाही की यांना दिसत नाही. एखादा विचारायचा, "पावलं मोजता का हो?" ते म्हणायचे, "तुम्ही मोजता का तुमच्या घरात? मग मी कशाला मोजू?" मोजत नसत, ऐकत असत. फ्रिजची घरघर डाव्या कानाला आली की स्वयंपाकघराचं दार समोर. पॅसेजमध्ये शिरलं की स्वतःच्याच चपलांचा आवाज अगदी जवळून परत यायचा. खोलीत पाऊल टाकताना ते एकदा खाकरायचे, आणि त्या खाकरण्याचं भिंतींकडून जे काही परत यायचं त्यावरून कपाटाचं दार कुणी उघडं टाकलंय हेसुद्धा सांगायचे. शेजारच्या वहिनींना कितीतरी वर्षं वाटत होतं की यांना जुनाट खोकला आहे.

बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. घर तिनं लावलेलं होतं ते तसंच होतं. स्वयंपाकघरात बाथरूमच्या बाजूच्या लाकडी भिंतीवर तिनं हुक ठोकले होते, डाव आणि झारा आणि गाळणी, प्रत्येकाची जागा ठरलेली. मुलगी परगावी. तिचं एकच पालुपद: "बाबा, आता इकडेच या." ते म्हणायचे, "येतो ना, चार दिवस." आणि खरंच चारच दिवस जायचे.

अशाच एका चार दिवसांनंतर ते घरी परतले. जावयानं दाराशी रिक्षातून उतरवलं आणि तो तसाच गावातल्या आपल्या कामाला निघून गेला. कुलूप काढलं, दार ढकललं, तर दार जड लागलं. आतून एक कोंदट, ओल्या गोणपाटासारखा वास आला. त्यांनी पाऊल आत टाकलं ते घोट्यापर्यंत थंड पाण्यात. काहीतरी येऊन नडगीला हळूच टेकलं. वाकून चाचपलं तर त्यांचीच चप्पल, तरंगत आलेली.

पाण्याचा आवाज कुठून येतोय हे त्यांना लगेच कळलं. वॉशिंग मशीनच्या मागून, नळी फुटल्यासारखा. ते तिकडे निघणार तेवढ्यात मागून वहिनी ओरडल्या. या वहिनी म्हणजे शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाई, साहेबांच्या जुन्या मित्राची बायको.

"भाऊजी, थांबा! हलू नका! पॅसेजमधला दिवा चालू आहे, फ्रिज चालू आहे, सगळ्या घरात वीज आहे! बाहेर या आधी!"

दिवा त्यांच्या मुलीनं मागच्या खेपेला लावला असणार. तो तेव्हापासून जळत होता, त्यांना काय पत्ता? ते उलट्या पावली बाहेर आले. वहिनींनी जिन्याखालचं मेन स्विच पाडलं, मागच्या बाजूनं जाऊन पाण्याची चावी बंद केली, आणि मग दोघं पायरीवर बसली. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तरी म्हणाले, "वहिनी, आज तुम्ही नसता तर माझी लाइन कायमची कट झाली असती."

वहिनींना हसू आलं नाही.

पाणी उपसायला गल्लीतले सगळे आले. बादल्या, खराटे, जुनी पोती. संध्याकाळपर्यंत लाद्या दिसायला लागल्या, म्हणजे आम्हाला दिसायला लागल्या. साहेबांच्या निजायच्या खोलीत लाद्यांऐवजी लाकडी फळ्या बसवलेल्या होत्या, त्या फुगून वर आल्या होत्या. त्यावर पाय ठेवला की खालून पचक असा आवाज यायचा. लोकांना वाटलं, झालं, वाळेल आता आपोआप. वहिनी म्हणाल्या, वाळणार नाही, माझ्या बहिणीच्या घरी असंच झालं होतं, भिंती आतून कुजल्या. त्यासाठी वेगळी माणसं असतात, त्यांना बोलवा.

पहिला जो आला तो बोलका होता. आला तसा भिंतीवर थाप मारत सुटला. "काही नाही साहेब, वरवरचं आहे. दोन दिवस पंखे लावू, वर रंगाचा हात मारू, नवंकोरं दिसेल."

"दिसेल?" साहेब म्हणाले.

"एकदम!"

तो गेल्यावर साहेब वहिनींना म्हणाले, "आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं, त्यातली गत होईल. याला नको."

दुसरं माणूस मुलीनं फोनवरून शोधून पाठवलं. ती एक चाळिशीची बाई होती, आवाज बसका, बोलणं तुटक. पाणी शिरलेली घरं सुकवायचं काम करणाऱ्या एका छोट्या कंपनीत ती सुपरवायझर होती. तिनं थापा मारल्या नाहीत. खिशातून एक छोटं यंत्र काढून भिंतीला लावलं, तर ते टिटिटिटि असं वाजायला लागलं.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"ओल मोजतं. जितकी जास्त ओल तितकं घाईघाईनं वाजतं."

"म्हणजे ओल ऐकू येते!" साहेबांचा चेहरा पहिल्यांदाच जरा उजळला. "लावा बघू सगळीकडे."

ती भिंतीभिंतीनं फिरली आणि साहेब तिच्या मागोमाग. गुडघ्याखाली यंत्र नुसतं कलकलत होतं. कमरेच्या वर शांत होत होतं. स्वयंपाकघरातल्या लाकडी भिंतीशी तर ते थांबेचना. साहेबांनी तिथंच काम तिच्यावर सोपवलं, पण पुढे तिनं जे सांगितलं ते कठीण होतं. फळ्या उखडायच्या. भिंतींचं खालचं प्लास्टर काढायचं. सामान सगळं मधोमध आणून उंच रचायचं. फुगलेलं प्लायवूडचं कपाट टाकून द्यायचं. मग मोठे पंखे आणि हवेतली ओल ओढणारी मशीनं लावायची, ती रात्रंदिवस चालली पाहिजेत.

"तोवर तुम्ही दुसरीकडे राहा काका," ती म्हणाली. "इथे राहण्यासारखं नसेल."

"मी माझ्या घरात डोळे मिटून फिरतो, बाई. माझी काळजी नको."

तिनं आणखी एकदा सांगून पाहिलं. मुलीनं फोनवर सांगितलं, वहिनींनी सांगितलं, "आमच्याकडे या, शिलाई मशीन सरकवते, कॉट टाकते." साहेब हटले नाहीत. दोन वर्षांपूर्वी इस्पितळातून एकटे परतले होते तेव्हाही ते याच घरात झोपले होते, असं काहीतरी ते पुटपुटले.

माणसं आली आणि दिवसभरात त्यांनी घर सोलून काढलं. पायाखालची जमीन सरकली असं आपण म्हणतो, इथे ती उखडून टेम्पोत घालून नेली. जिथं फळी होती तिथं खडबडीत कोबा लागला. जिथं पलंग होता तिथं काहीच नाही, आणि जिथं काहीच नव्हतं तिथं खुर्च्यांवर टेबल आणि टेबलावर गाद्या. तरी साहेब हात लावत लावत शिकत होते. कामगारांशी थट्टा करत होते. मग संध्याकाळी मशीनं सुरू झाली.

तो आवाज मी ऐकला आहे. शेजारी उभं राहून बोलायचं तर ओरडावं लागायचं. आपल्याला तो नुसता त्रास. साहेबांना काय झालं ते त्यांनी पुष्कळ नंतर, फार आढेवेढे घेत सांगितलं.

माणसं गेल्यावर ते पाणी प्यायला उठले. निजायच्या खोलीतून स्वयंपाकघर, उभ्या आयुष्यात हजारो वेळा गेलेली वाट. फ्रिज बंद, त्याची घरघर नाही. सगळीकडून एकच घोंघाट, पुढून तसाच मागून. खाकरले, तर स्वतःचं खाकरणंसुद्धा ऐकू आलं नाही. हात पुढे केला तर हाताला टेबलाचा पाय लागला, जिथं टेबल असायला नको होतं. वळले. पुन्हा वळले. मग आपण कुठल्या दिशेला तोंड करून उभे आहोत हेच त्यांना कळेना. पंख्याचा वारा एका गालावर येत होता, पण पंखे तरी कुठे ठेवलेत ते नीट कुठे ठाऊक होतं? एका वायरीत पाय अडकून ते गुडघ्यावर पडले. तिथून रांगत निघाले ते बाथरूममध्ये पोहोचले, आणि ते बाथरूम आहे हे नळाला डोकं आपटल्यावर कळलं. तिथंच उपड्या बादलीवर बसून राहिले. तापातून उठल्यावर पहिल्यांदा डोळ्यांवरची पट्टी काढली होती आणि काहीच बदललं नव्हतं, त्या सकाळी जे वाटलं होतं तेच वाटलं, असं ते म्हणाले. "तेव्हा आई होती हो जवळ," एवढंच बोलले आणि विषय बदलला.

मात्र वहिनींना हाक मारली नाही. मुलीला फोन केला नाही. भिंत धरून धरून वायरींचा माग काढला आणि एकेक बटण बंद केलं. आवाज थांबला. हळूहळू घर परत आलं. रस्त्यावरचं कुत्रं, वरच्या मजल्यावरची खुर्ची, नळाचा थेंब. ते बसल्या जागी रडले.

सकाळी कामगार येण्याआधी त्यांनी सगळी बटणं पुन्हा चालू केली. आणि मग तोच रिवाज पडला. माणसं गेली की बंद, यायच्या आधी चालू. आज बंद ठेवू, उद्यापासून नाही, असं ते रोज स्वतःला सांगायचे.

सुपरवायझरबाई दर एक-दोन दिवसांनी यायची. यंत्र लावायची, ते कलकलायचं. मशीनच्या टाकीत जमलेलं पाणी बघायची आणि हं करायची. आणखी एक मशीन आणवलं. खिडक्यांच्या फटी बुजवल्या. तरी ओल हटेना. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आता बुरशीचा आंबूस वास यायला लागला होता. सर्वांत आधी तो साहेबांना आला असणार, पण ते काही बोलले नाहीत.

"काका, कुठेतरी पाणी मुरतंय," ती एक दिवस म्हणाली.

साहेबांना वाटलं, आपली चोरी पकडली. पण तिला खरोखरचंच पाणी म्हणायचं होतं. "या लाकडी भिंतीच्या आतून पाइप गेलाय. तो गळत असणार. उघडावी लागेल."

"सगळी?"

"सगळी. त्याशिवाय कळणार नाही."

तेव्हा बोलायला हवं होतं. साहेबांनी तोंड उघडलंही. "बाई, मी काय म्हणतो," एवढं म्हणाले, पण एका कामगारानं हुकांवरच्या वस्तू काढून त्यांच्या हातात द्यायला सुरुवात केली होती, डाव, झारा, गाळणी, आणि दुसऱ्यानं करवत चालू केली होती. तीस वर्षं ज्यांनी इकडचा शब्द तिकडे पोचवायचं काम केलं, त्यांना स्वतःचं एक वाक्य समोरच्या बाईपर्यंत पोचवता आलं नाही. ते हातात डाव घेऊन उभे राहिले आणि भिंत उतरली.

आतला पाइप ठणठणीत होता. हात फिरवला तर कोरडा. सुपरवायझरबाईनं यंत्र पुन्हा लावून पाहिलं. तिला स्वतःच्या कामाची चीड आली होती हे तिच्या श्वासावरून कळत होतं, असं साहेब नंतर म्हणाले.

तेवढ्यात वहिनी चहाचा थर्मास घेऊन आल्या. उघड्या भिंतीकडे बघून त्या चुकचुकल्या, त्यांनी कप भरले, आणि सुपरवायझरबाईला म्हणाल्या, "बाकी काही म्हणा, संध्याकाळी तुम्ही ते बंद करता ते फार बरं करता. नाहीतर आमच्या भिंतीला डोकं टेकवणं मुश्कील होतं."

"काय बंद करतो?"

"मशीनं हो. तुमची माणसं गेली की बंदच होतात की. पहाटेपर्यंत कसं शांत असतं."

वहिनींना आपण काय बोलून बसलो ते कळलं, आणि त्या थर्मासचं झाकण उगाच फिरवत राहिल्या.

"कोण बंद करतं?" बाईनं विचारलं. कामगार एकमेकांकडे बघायला लागले. तिचा आवाज चढला. "मी विचारतेय, कोण?"

"मी," साहेब म्हणाले. "त्यांना बोलू नका. मी करतो."

"रोज?"

"रोज."

"काका, तुम्हाला काय वाटलं, आम्ही गंमत म्हणून लावतो ती? ही भिंत काढायची काही गरज नव्हती! बुरशी धरली आतून, माहीत आहे तुम्हाला? माझं डोकं फिरायची वेळ आली, मी स्वतःला मूर्ख समजत होते इतके दिवस!"

"बाई, मला घर ऐकू येत नव्हतं."

"म्हणजे?"

त्यांनी सांगितलं. नीट नाही, तुटक तुटक. टेबल, वायर, बादली. वहिनींनी तोंडाला पदर लावला. एक कामगार हळूच बाहेर निघून गेला. सुपरवायझरबाईनं सगळं ऐकून घेतलं, पण तिचा राग लगेच उतरला नाही, आणि ते मला बरोबरच वाटतं. ती म्हणाली, "हे पहिल्या दिवशी सांगितलं असतंत तर मी दुसरा मार्ग काढला असता. एका खोलीत आवाज कमी ठेवता आला असता. वायरी भिंतीनं नेल्या असत्या. आता काही इलाज नाही. आता एक क्षणही बंद ठेवून चालणार नाही. तुम्हाला जावंच लागेल."

"जातो," साहेब म्हणाले.

ते मुलीकडे गेले. तिथं सगळ्यांनी फार केलं त्यांचं. पण मुलगी फोनवर वहिनींना सांगायची की बाबा खुर्चीवरून उठत नाहीत, उठवलं तर उठतात, जेवायला बसवलं तर जेवतात. एरवी चार दिवसांत कंटाळून बॅग भरणारा माणूस, पण परत जायचं नाव काढत नव्हता. एकदा नातीनं विचारलं, "आजोबा, तुमचं घर वाळलं का?" तर म्हणाले, "वाळलं असेल गं. पण ते माझं राहिलंय की नाही कुणास ठाऊक." मुलीला वाटलं, आता हे इथेच राहतील. तिला त्यात आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही.

काम पुरं झाल्याचा फोन आला तेव्हा मुलगीच त्यांना घेऊन आली. फळ्यांच्या जागी लाद्या बसल्या होत्या, भिंतींना नवं प्लास्टर होतं, रंगाचा वास होता. वहिनींनी आणि आदल्या दिवशी येऊन गेलेल्या मुलीनं सामान लावून ठेवलं होतं, आठवेल तसं. साहेब निजायच्या खोलीत शिरले आणि दुसऱ्याच पावलाला पलंगाच्या कडेवर आपटले. पलंग वीतभर अलीकडे आला होता. "असाच होता की!" मुलगी म्हणाली. "असाच होता भाऊजी," वहिनी म्हणाल्या. कुठे होता ते साहेबांनाही नेमकं सांगता येईना. जिला ठाऊक होतं ती, त्यांची बायको, आता नव्हती. त्यांनी पलंग सरकवून पाहिला, परत सरकवला, आणि शेवटी चिडून त्यावर बसले.

सुपरवायझरबाई शेवटची तपासणी करायला आली. यंत्र भिंतीला लावलं, गप्प. दुसऱ्या भिंतीला, गप्प. "झालं काका, कोरडं," ती म्हणाली आणि निघायला लागली. दारापर्यंत गेली असेल, तेव्हा साहेब म्हणाले, "बाई, एक काम कराल? तुमचं नाही ते, पण कराल?"

"बोला."

"प्रत्येक कोपऱ्यात जाऊन उभ्या राहा आणि बोला. मला एकदा ऐकायचंय, आता घर कसं उत्तर देतं ते."

"काय बोलू?"

"काहीही. शिव्या द्या हवं तर. तुमचा तेवढा हक्क आहे."

ती जरा अवघडली. मग निजायच्या खोलीच्या कोपऱ्यात जाऊन म्हणाली, "हा खिडकीचा कोपरा." साहेब मान कलती करून ऐकत होते. "अजून," ते म्हणाले. "अजून काय? इथे आम्ही नवीन प्लास्टर केलंय. माझा मुलगा शाळेत मराठीत नापास झालाय. आज मला इथून आणखी दोन ठिकाणी जायचंय." ती दुसऱ्या कोपऱ्यात गेली. तिथं तिनं आपल्या सासूबाईंच्या गुडघ्यांबद्दल सांगितलं. पॅसेजमध्ये तिनं एका घराची गोष्ट सांगितली, जिथं लोकांनी वर नुसता रंग मारून घेतला होता. बोलता बोलता तिचा बसका आवाज मोकळा झाला. मुलगी दारात उभी राहून बघत होती, तिच्या हातातला फोन वाजला तर तिनं तो बंद केला.

स्वयंपाकघरात बाई नव्या भिंतीपाशी उभी राहिली. "इथे तुमचे हुक लावायचे राहिलेत. माणूस पाठवते."

साहेब म्हणाले, "पुन्हा बोला."

"हुक लावायला माणूस पाठवते म्हटलं."

"इथे पोकळ वाजतंय."

तिनं भिंतीवर बोटानं टकटक केलं. खरंच पोकळ वाजत होतं. "आधीचं लाकूड जाड होतं," ती म्हणाली. "तसं आता मिळत नाही. हे असंच वाजणार, काका. ही भिंत मी उगाच काढली."

"तुम्ही नाही काढलीत," साहेब म्हणाले.

ती गेली. मुलगी आणखी दोन दिवस राहिली आणि वडलांना सोबत न घेता परत गेली. त्यावर बापलेकीत काय बोलणं झालं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. साहेबांच्या नडग्या महिनाभर काळ्यानिळ्या होत्या. हुक लावायला माणूस आला तेव्हा ते स्वतः जागा दाखवायला उभे राहिले. पहिले दोन चुकले, ते काढून पुन्हा ठोकायला लावले, आणि तिसऱ्या खेपेला माणूस वैतागून म्हणाला, "साहेब, एकदा काय ते नक्की ठरवा." साहेब म्हणाले, "ठरवतोय. जरा वेळ लागेल. थांबा."